मी अ‍ॅब्जुअर म्हणणार नाही

१३ मार्च, बुधवार

काल गावसभा. पुन्हा भिंतीलगतच्या खुर्चीत बसलो. मतदारांनी मध्ये बसायचं, ज्यांना मत नाही त्यांनी भिंतीला, अशी टॅमबरी गावाची रीत. एकोणतीस वर्षं भिंतीला आहे. यंदा डावीकडे वर्तमानपत्राची बातमीदार मुलगी, उजवीकडे आर्मंड पेल्टियरचा कुत्रा. मुलीने माझं नाव विचारून चुकीचं लिहिलं. डेस्मंड थ्रप यात चुकण्यासारखं काय आहे? सुधारून दिलं. कुत्रा शांत होता.

विषय लायब्ररी बंद करण्याचा. लायब्ररी म्हणजे लोइसची लायब्ररी. माझी बायको तिथे चोवीस वर्षं एकटीने काम करते. छप्पर गळतं, म्हणून आर्मंडने ठराव आणला की पुस्तकं शाळेत हलवावीत आणि तिथे बर्फ काढायचा ट्रक ठेवावा. आर्मंड गावच्या रस्त्यांचा प्रमुख, त्यामुळे त्याला जगात ट्रकच दिसतात. ठरावात व्याकरणाच्या तीन चुका होत्या. मी उठून पहिली सांगायला लागलो, तर सभा चालवणाऱ्या थेल्मा कोल्बी म्हणाल्या, "बसा डेस्मंड. तुम्हाला मत नाही." मी म्हणालो, मत नाही पण व्याकरण आहे. सभागृह हसलं. माझ्या बाजूने हसलं.

अडुसष्ट विरुद्ध एकाहत्तर. लायब्ररी तीन मतांनी वाचली.

घराच्या दारापाशी लोइस म्हणाली, "एकोणतीस वर्षं राहतोयस इथे. माझ्यासाठी एक हात वर करता येत नाही तुला."

मी म्हणालो, मी इंग्लंडच्या राजाचा प्रजाजन आहे.

"मग तो येणार आहे का हात वर करायला?"

उत्तर होतं माझ्याकडे. पण ती आत निघून गेली होती.

१६ मार्च, शनिवार

निर्णय. अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज करायचा. फक्त लोइससाठी आणि फक्त कागदोपत्री. आतून काहीही बदलणार नाही. चहा चारलाच. कलरमधला ब्रिटिश यू कायम. चार जुलैला पडदे बंद.

लोइसला सांगितलं. ती पुस्तकांना कव्हरं घालत होती. म्हणाली, "बरं."

एवढ्या मोठ्या त्यागाला "बरं". तिला गहिवरून आलं असणार.

१९ मार्च, मंगळवार

फॉर्म भरताना शेवटी शपथ छापलेली सापडली. वाचली. चहा गार झाला.

नागरिक होताना म्हणायचं की कोणत्याही परकीय राजावरची, अधिपतीवरची, राज्यावरची निष्ठा मी संपूर्णपणे आणि सर्वस्वी रिनाउन्स करतो आणि अ‍ॅब्जुअर करतो.

बियाणांच्या कॅटलॉगची प्रुफं मी सदतीस वर्षं तपासली. एका वेलाला दोन नावं छापली तर मी एक खोडायचो. हे तर देशाचं कॅटलॉग. रिनाउन्स असताना अ‍ॅब्जुअर कशाला?

रात्री मोठा शब्दकोश काढला. मग कळलं की ती पुनरुक्ती नाही, तो डाव आहे. रिनाउन्स म्हणजे सोडणं. माणूस सिगरेट सोडतो, वारसा सोडतो, त्यात मनाला लागण्यासारखं काही नाही. अ‍ॅब्जुअर वेगळा. लॅटिनमध्ये अ‍ॅब म्हणजे दूर आणि जुरारे म्हणजे शपथ घेणं. चारचौघांत, शपथेवर, स्वतःच्या तोंडाने नाकारायचं, तेही कायमचं. धर्मद्रोही ठरलेल्यांकडून त्यांची मतं अशी नाकारून घ्यायचे. जुन्या इंग्लंडात गुन्हेगार चर्चच्या आसऱ्याला गेला की त्याला देश अ‍ॅब्जुअर करायला लावत. मग तो बोडक्या डोक्याने, हातात लाकडी क्रूस घेऊन, बंदरापर्यंत चालत जायचा. वाटेत रस्ता सोडायचा नाही.

आमची गाडी आहे, पण मुद्दा तो नाही.

लोइसला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी साखर अ‍ॅब्जुअर केली, तसंच ना?" मी म्हणालो, साखर अ‍ॅब्जुअर करता येत नाही, साखरेवर कोणाची निष्ठा नसते. ती म्हणाली, "माझी होती."

२० मार्च, बुधवार

हा शब्द मी उच्चारणार नाही. आज, या तारखेला, लिहून ठेवतो.

२ एप्रिल, मंगळवार

सरकारी कचेरीला चार पानी पत्र. शपथेतून एक क्रियापद वगळावं, हवं तर पूर्ण शपथेचं प्रूफ मी विनामूल्य तपासून देईन. शेवटी सही आणि "आपला आज्ञाधारक". लोइस म्हणाली, आज्ञाधारक तरी लिहू नकोस, तू कधी होतास? पण तो शिष्टाचार आहे.

त्याच टपालात राजालाही पत्र. निष्ठेतून काही काळ रजा मागितली आहे. कारण: बायकोची लायब्ररी.

१९ मे, रविवार

काल कचेरीचं उत्तर आलं. अर्ज मिळाला, बोटांचे ठसे द्यायला यावं. क्रियापदाविषयी अवाक्षर नाही. म्हणजे मुद्दा खोडता आलेला नाही.

राजाकडून उत्तर नाही. दुखावला असेल. मीही दुखावलो असतो.

आर्मंड दुकानात भेटला. "काय राजेसाहेब, ऐकलं की तुम्ही आमच्यात येताय?" मी म्हणालो, फक्त हातापुरता. तो म्हणाला, "कुठला हात? डावा की उजवा?" आणि स्वतःच हसला. त्याच्या हातात डांबराचे दोन डबे होते. गावचे रस्ते असे डब्याडब्याने होतात, म्हणून ही अवस्था.

७ जून, शुक्रवार

ठसे दिले. माझ्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत म्हणे. पुन्हा घेतले. ऑपरेटर बाई म्हणाली, "कागद हाताळणाऱ्यांचं असं होतं." या देशात आजवर मला मिळालेली सर्वांत चांगली दाद. पण विरघळलो नाही.

४ जुलै, गुरुवार

पडदे बंद. बाहेर मिरवणूक. बँड बेसूर. दुपारी एकच्या सुमाराला दार वाजलं. उघडणार नव्हतो, पण भाजलेल्या मक्याचा वास आला. आर्मंड होता. फॉइलमध्ये चार कणसं. म्हणाला, "लोइससाठी आणलीत. तुमचा बहिष्कार असेल ना?"

लोइस मिरवणुकीला गेली होती. कणसं गार झाली असती. तीन खाल्ली. लोण्यासकट. लोणी मात्र निषेध म्हणून कमी लावलं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

मार्ग सापडला.

शब्दकोशात अ‍ॅब्जुअरच्या पुढे काही पानांवर एक शब्द आहे. अ‍ॅड्जुअर. बीच्या जागी डी. अर्थ बरोबर उलट. अ‍ॅड म्हणजे कडे. अ‍ॅड्जुअर म्हणजे कळकळीने विनवणं, शपथ घालणं. आई जाणाऱ्या मुलाला म्हणते ना, "तुला माझी शपथ आहे," ते.

म्हणजे शंभर लोक म्हणतील, राजावरची निष्ठा मी अ‍ॅब्जुअर करतो. आणि मी एकटा, त्यांच्या मधोमध उभा राहून, सरकारच्या तोंडावर म्हणेन: निष्ठे, तुला माझी शपथ आहे, जाऊ नकोस.

कोणाला कळणारही नाही. एका अक्षराचा फरक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकीच्या अक्षरांना पकडलं, एक अक्षर मी मुद्दाम चुकवणार.

लोइसला सांगितलं नाही. न सांगताच बरं.

२ सप्टेंबर, सोमवार

रोज सकाळी दाढी करताना वीस वेळा. अ‍ॅड्जुअर. डी स्वच्छ हवा पण ठसठशीत नको. जीभ दातांमागे. आज दोनदा कापलं.

लोइसने बाथरूमच्या दाराबाहेरून विचारलं, कोणाशी बोलतोयस. म्हणालो, राजाशी. ती म्हणाली, "नाश्त्याला थांबणार आहे का तो?"

१० ऑक्टोबर, गुरुवार

आर्मंड लायब्ररीच्या छपरावर. दिवसभर. बरोबर शिडी, फळ्या आणि ते डांबराचे डबे. उघड आहे, ट्रकसाठी जागेची मापं घेतोय. मार्चच्या सभेत पुन्हा ठराव येणार. माणूस तयारीचा आहे, एवढं मान्य करायला हवं.

लोइस त्याला खाली कॉफी देत होती. शत्रूला कॉफी. तिचा स्वभावच तसा.

संध्याकाळी ती मला काही सांगत होती, लायब्ररी, छप्पर असं काहीतरी. मी आरशासमोर होतो. डी नीट बसत होता तेव्हा, म्हणून हाताने थांब म्हणालो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मुलाखत. राग शांत होईपर्यंत लिहायला बसलो नाही. आता रात्रीचे नऊ.

अधिकारी तिशीचा, टाय वाकडा. फाईल बघून अगदी प्रेमाने म्हणाला, "तुमचं वय पासष्टच्या वर आहे, इथे वीस वर्षांहून जास्त झालीत. इंग्रजीची परीक्षा तुम्हाला माफ आहे. हवं तर दुभाषा आणू शकता."

मी विचारलं, कुठल्या भाषेचा.

तो म्हणाला, "तुम्हाला जी सोयीची असेल ती."

मी म्हणालो, परीक्षा घ्या. तो म्हणाला, गरज नाही. मी म्हणालो, माझी आहे. त्याने सुस्कारा टाकून एक वाक्य लिहायला सांगितलं: लेबर डे सप्टेंबरमध्ये असतो. मी लिहिलं. लेबरमध्ये अर्थातच यू घातला. त्याने कागद फिरवून पाहिला आणि म्हणाला, "स्पेलिंगची एक चूक आहे. पण अर्थ लागतो, म्हणून आम्ही धरत नाही. पास."

मला पास नको होतं. मला वाद हवा होता.

मग प्रश्न. स्वातंत्र्यदिन केव्हा साजरा करतात? मी म्हणालो, मी करत नाही. तो म्हणाला, तारीख सांगा. सांगितली. कणसं आठवली, ती सांगितली नाहीत.

शेवटी: "शपथ पूर्ण घ्यायची तयारी आहे?" मनात शब्दकोश उघडला. तयारी म्हणजे तयारीच, गेले तीन महिने रोज वीस वेळा करतोय. म्हणालो, भरपूर. हे खोटं नव्हे.

९ जानेवारी, गुरुवार

शपथविधीचं पत्र. चोवीस तारीख, सकाळी दहा, कोर्टाच्या सभागृहात.

लोइसने माझा सूट काढून झटकला. म्हणाली, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, पकडलेल्या सेनापतीसारखं. ती म्हणाली, "सेनापती, पँट आखूड झालीय. उसवून खाली सोडते."

बराच वेळ शिवत बसली होती. मधेच म्हणाली, "तुला खरंच जड जात असेल तर नको करूस, डेस्मंड." आवाज वेगळा होता तिचा. मी म्हणालो, आता माघार नाही. योजना इतकी पक्की आहे की मला काही सोडावंच लागणार नाही, हे तिला सांगून टाकावंसं वाटलं. नाही सांगितलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

घडलं ते जसंच्या तसं लिहितो. नंतर मीच वेगळं सांगायला लागेन.

ब्याण्णव माणसं. आडनावाप्रमाणे बसवायला हवं होतं, आल्याप्रमाणे बसवलं. माझ्या शेजारी चाळिशीची एक बाई, अंगावर लाल शाल, हातात शपथेचा छापील कागद. कागदाची घडी इतक्या वेळा उघडलेली की मधोमध फाटत आलेला. नाव मनमाया ढुंगेल. भूतानची. सात वर्षांची असताना घरच्यांबरोबर गाव सोडावं लागलं, मग एकोणीस वर्षं नेपाळमधली छावणी, मग इथे. इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा नापास, आता पास. ब्रेडच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट आली होती.

मला म्हणाली, "दादा, तुम्ही शिकलेले दिसता. हा शब्द कसा म्हणायचा?" आणि बोट ठेवलं. कुठल्या शब्दावर, ते लिहायची गरज नाही.

मी सांगितलं. तिने म्हणून पाहिलं. अ‍ॅड्जुअर.

मी म्हणालो, नाही, बी. ओठ मिटा. अ‍ॅब. ती म्हणाली, अ‍ॅड. आठ-दहा वेळा केलं. मागचा एक ब्राझीलचा मुलगाही म्हणायला लागला. त्याला लगेच जमलं.

मग तिने अर्थ विचारला. मी लॅटिनपासून सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे राजाला सोडलं असं म्हणायचं. पण दादा, आम्हाला तर तिकडच्या राजानेच आधी सोडलं होतं. माझ्याकडे सोडायला आहेच काय? तरी म्हणते. नीट म्हणायचंय मला. माझी आई बघायला आलीय." मागे वळून दाखवलं. शेवटच्या रांगेत एक म्हातारी, लोइसच्या शेजारी. दोघी एकमेकींना काहीतरी खायला देत होत्या.

मी लॅटिन तिथेच थांबवलं. इतकं नोंदवतो.

उभे राहिलो. उजवे हात वर. अधिकारी एकेक तुकडा म्हणायचे, आम्ही मागून. माझं चित्त स्थिर होतं. जीभ दातांमागे. रिनाउन्स झालं. आता तो शब्द. अधिकारी म्हणाले, सभागृह म्हणालं, आणि माझ्या कानाशी, अगदी स्पष्ट, मनमायाबाई म्हणाल्या: अ‍ॅड्जुअर.

सदतीस वर्षांची सवय. चूक कानावर पडली की तोंड उघडतं, मला विचारत नाही.

"बी! अ‍ॅब्! अ‍ॅब्जुअर!"

नेमके सगळे पुढचा तुकडा ऐकायला थांबले होते. ब्याण्णव लोकांच्या शांततेत माझा एकट्याचा आवाज. अधिकारी थांबले. माझ्याकडे बघून मान डोलावली आणि म्हणाले, "असाच उत्साह हवा." लोक टाळ्या वाजवायला लागले. मनमायाबाईंनी माझ्याकडे बघून ओठ मिटले आणि म्हटलं, अ‍ॅब्जुअर. अचूक.

त्यानंतरची शपथ कशी झाली, आठवत नाही.

बाहेर लोइसने माझा हात धरला. तिचे डोळे ओले होते. म्हणाली, "इतक्या जोरात? मला वाटलं होतं, तू तो शब्द पुटपुटून सोडून देशील."

म्हणालो, एखादी गोष्ट करायची तर नीट करावी.

२५ जानेवारी, शनिवार

रात्रभर विचार केला. ती शपथ नव्हती. ते शुद्धलेखन होतं. कायद्याने दोन्ही वेगळं. माझा उद्देश दुरुस्तीचा होता, त्यागाचा नव्हे. निष्ठा शाबूत.

खात्रीसाठी इंग्लंडात ग्रिम्सबीला रोलंडला फोन. माझा भाऊ, आयुष्य गोदीत गेलं, कायद्याची जाण बेताची. सगळं ऐकून म्हणाला, "अरे, इंग्लंडला काही फरक पडत नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन तू काय बोललास ते इथे कोणी धरत नाही. इथलं सोडायचं तर इथला फॉर्म वेगळा आहे. तू होतास तसाच आहेस."

मी विचारलं, म्हणजे अ‍ॅब्जुअर म्हटलं तरी?

"म्हण की रोज सकाळी. पासपोर्ट तेवढा जपून ठेव. बरं, तिकडे बर्फ आहे का?"

आनंद व्हायला हवा होता. दहा महिने लढलो आणि समोर कोणीच नव्हतं. राजाने पत्राला उत्तर का दिलं नाही तेही कळलं. तरीही लिहून ठेवतो की तत्त्वाचा विजय झाला.

८ मार्च, शनिवार

मंगळवारी गावसभा. भाषण तयार. अकरा पानं. लायब्ररीचं महत्त्व, ट्रकची निरर्थकता, आणि आर्मंडच्या गेल्या वर्षीच्या ठरावातल्या तिन्ही चुका. मतदार म्हणून नोंदणी झाली. आता मला बसा म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही.

११ मार्च, मंगळवार

मध्ये बसलो. चौथी रांग, लोइसच्या शेजारी. खुर्च्या भिंतीकडच्यांपेक्षा टणक आहेत, हे कोणी कधी सांगितलं नव्हतं.

विषयपत्रिका आली. एकदा वाचली. पुन्हा वाचली. लायब्ररी बंद करण्याचा विषयच नाही. तेराव्या क्रमांकावर एवढंच: लायब्ररीचं छप्पर स्वतःच्या सुट्टीत दुरुस्त करून दिल्याबद्दल आर्मंड पेल्टियर यांचे आभार मानावेत काय.

मी लोइसकडे पाहिलं. ती विणत होती. हळूच म्हणाली, "ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं तुला. दोनदा. तू आरशासमोर होतास."

मी विचारलं, मग थांबवलं का नाहीस मला? आता माझ्या हाताची गरजच काय होती?

सुई चालूच. म्हणाली, "एकोणतीस सभांना एकटी बसलेय या रांगेत. हाताची नव्हती रे गरज."

मी भाषण खुर्चीखाली ठेवलं.

तेरावा विषय आला. थेल्माबाई म्हणाल्या, बाजूने असतील त्यांनी हो म्हणा. माझं पहिलं मत. मी घसा साफ करेपर्यंत सगळे हो म्हणून मोकळे झाले होते. माझा "हो" ठराव मंजूर झाल्यावर आला. कोणीतरी मागून म्हणालं, "लंडनहून यायला वेळ लागतो."

शेवटी किरकोळ पदांच्या नेमणुका. आर्मंड उठला. मी सावध झालो. म्हणाला, गावात मोकाट डुकरं पकडणारा अधिकारी असायचा, ते पद शंभर वर्षं रिकामं आहे, पण नव्या माणसाला ते देऊन त्याला आपलं म्हणायची जुनी चाल आहे, तर मी डेस्मंड थ्रप यांचं नाव सुचवतो. पाच-सहा जण एकदम म्हणाले, आमचा पाठिंबा. विरोधात कोणीच नाही. लोइसचाही हो आला, आणि वेळेवर आला.

गावाने एकमताने निवडलं. गावात डुकरं किती, असं मी विचारलं. थेल्माबाई म्हणाल्या, "फार नाहीत. उजवा हात वर करा."

डुकरांविषयीची शपथ घेतली. एकही शब्द न बदलता. घाईत होतो, बाहेर कॉफी आणि अ‍ॅपल पाय मांडून ठेवले होते.

२९ मार्च, शनिवार, सकाळी ६.४०

फोन. गिरणीच्या रस्त्यावर डुक्कर सुटलंय. मालक गावाबाहेर. अधिकाऱ्याने यावं.

मी पांघरुणातून लोइसला म्हणालो, सांग त्यांना, पद अ‍ॅब्जुअर केलं. ती म्हणाली, "मला नाही जमत तो उच्चार," आणि माझे रबरी बूट पलंगाशी आणून ठेवले.

तोच दिवस, दुपारी १

डुकराशी आधी बोललो. अधिकार समजावून सांगितला. ते शेतात गेलं. मी मागे गेलो. बर्फ वितळून सगळीकडे गुडघाभर चिखल. डावा बूट तिथेच राहिला, मग मीही.

डुक्कर साडेआठला आपणहून घरी गेलं. मला आर्मंडने ट्रॅक्टरला दोर बांधून काढलं. म्हणाला, "अहवालात काय लिहायचं, साहेब? कोण सापडलं?"

घरी येऊन थेट थेल्माबाईंना फोन लावला. नियम विचारला, पद सोडता येतं का. त्या म्हणाल्या, अजून कोणी सोडलेलं नाही, पुढच्या मार्चला आपोआप संपतं. मी म्हणालो, मी वाट पाहणार नाही. पूर्ण शुद्धीवर, स्पष्ट शब्दांत सांगतो. आणि ओठ मिटून, बी नीट लावून म्हणालो, "अ‍ॅब्जुअर."

"अगं बाई, केवढी शिंक! सर्दी झाली वाटतं," थेल्माबाई म्हणाल्या. "चिखलात इतका वेळ होतात ना. लोइसला द्या फोन."

दिला. दोघी बराच वेळ बोलल्या.

लोइसने चिकन सूप केलं आहे. भरपूर मिरी घालून. दोन वाट्या प्यायलो.